मोटारीच्या टॅपेट-कव्हरची गळती व तिचें पॅकिंग

बागायती भागांतील पुष्कळ घरांपुढें बैलगाडीच्या जागीं आतां मोटार किंवा जीप उभी असते. बैलाच्या खांद्याला सूज आली तर ती घरच्या माणसाच्या नजरेंतून सहसा सुटत नाहीं; परंतु मोटार उभी राहते त्या जमिनीवर रोज सकाळीं दिसणारा काळा डाग मात्र महिनोन्‌महिने कोणी मनावर घेत नाहीं. "जुनी गाडी आहे, थोडेंबहुत ऑईल गळायचेंच," असें म्हणून मालक त्या डागावर पाय देऊन गाडींत बसतात. आमच्या मतें ही उदासीनता फार महाग पडणारी आहे; आणि ती टाकून देण्यास लागणारा खर्च व श्रम इतके थोडे आहेत कीं, या विषयावर येथें सविस्तर लिहिणें आम्हांस अवश्य वाटलें.

प्रथम थोडा हिशेब करूं. ऑईलचे सुमारें २० थेंब मिळून एक मिलिलिटर होतें असें धरावें. चालत्या इंजिनांतून दर १० सेकंदांस एकच थेंब गळत असला, तर तासाला ३६० थेंब, म्हणजे १८ मिलिलिटर ऑईल जातें. गाडी ५० तास चालली कीं ९०० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ एक लिटर, कमी झालें. आणि ताशीं ४० किलोमीटर वेगानें हे ५० तास म्हणजे अवघे २,००० किलोमीटर. लहान मोटारीच्या इंजिनांत एकंदर तीन ते चार लिटर ऑईल मावतें, व ऑईल पाहण्याच्या पट्टीवरील वरच्या आणि खालच्या खुणांमधील अंतर बहुधा एका लिटराचें असतें. तेव्हां वरच्या खुणेपर्यंत भरलेलें ऑईल इतक्या प्रवासांत खालच्या खुणेला टेकतें. हल्लींच्या पुष्कळ गाड्यांना ऑईल बदलण्याची मुदत १०,००० किलोमीटरांची सांगितलेली असते. तोंपर्यंत पट्टी बाहेर न काढणारा मालक मुदत भरण्यापूर्वींच इंजिन कोरडें करून बसतो. क्रँक व त्याचीं बेअरिंगें हीं ऑईलच्या पातळ थरावर फिरत असतात. तो थर तुटला कीं धातूवर धातू घांसून इंजिन जाम होतें, आणि मग खर्चाचा आंकडा शेंकड्यांत राहत नाहीं.

दुसरा धोका अग्नीचा आहे. ज्या झांकणांतून ही गळती होते त्याच्या शेजारींच, थोडा खालीं, जळलेला वायु बाहेर नेणारा मॅनिफोल्ड असतो. घाट चढतांना किंवा गाडी भरलेली असतांना तो शेंकडों अंशांपर्यंत तापतो. त्यावर ऑईलचा ओघळ गेला म्हणजे आधीं गाडींत जळका वास येतो, मग बॉनेटच्या फटींतून निळसर धूर निघतो. आणि ऑईलनें भिजलेला पाचटाचा वा गवताचा कचरा तेथें सांचलेला असला तर तो पेटहि घेतो. ज्यांची मोटार कडब्याच्या गंजीजवळ अथवा गोठ्याच्या वळचणीला उभी राहते, त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

आतां हें झांकण म्हणजे काय तें पाहूं. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला हवा आंत घेणारे व जळलेला वायु बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. त्यांच्या स्प्रिंगा, ते दाबणारे रॉकर, आणि हल्लींच्या बहुतेक मोटारींत कॅमचा दांडाहि, इंजिनाच्या हेडवर एका झांकणाखालीं असतो. हेंच टॅपेट कव्हर. नांव जुन्या रचनेला अधिक शोभणारें आहे. दुसऱ्या महायुद्धांत नांवारूपास आलेल्या विलीस जीपमध्यें व्हॉल्व्ह डोक्यावर नव्हते, इंजिनाच्या कुशींत होते, आणि त्यांच्या टॅपेटांवरचें झांकणहि बाजूलाच होतें. उलट १९८३ सालच्या डिसेंबरांत रस्त्यावर आलेली व २०१४ पर्यंत निघत राहिलेली मारुति ८०० घेतली, तर तिच्या तीन सिलिंडरांच्या ७९६ घनसेंटिमीटर इंजिनांत कॅमचा दांडाच हेडमध्यें आहे. झांकण कुशींतून डोक्यावर गेलें, तरी मिस्त्रींच्या तोंडीं तें टॅपेट कव्हरच आहे.

या झांकणाचा कांठ आणि हेडचा कांठ यांमध्यें एक नरम पट्टी असते, तीच पॅकिंग. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. हेडच्या खालीं जें पॅकिंग असतें त्याला इंधनाच्या स्फोटाचा दाब अडवावयाचा असतो. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगाला केवळ उडणारें व ओघळणारें ऑईल अडवावयाचें असतें. काम हलकें आहे, म्हणून आवळणेंहि हलकेंच हवें. पुढें जें आम्ही लिहिणार आहों त्याचा बहुतेक भाग या एका गोष्टींतून निघतो.

जुन्या गाड्यांत हें पॅकिंग बुचाचें असे. बूच म्हणजे भूमध्यसमुद्राच्या पश्चिम टोकाकडील प्रदेशांत होणाऱ्या एका ओक वृक्षाची साल. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या सुवासिक फुलांचें जें बुचाचें झाड दिसतें तें हें नव्हे. जगांतील एकंदर बुचापैकीं निम्म्याच्या आसपास बूच एकटा पोर्तुगाल देश काढतो. झाड तोडावें लागत नाहीं. तें सुमारें २५ वर्षांचें झालें म्हणजे साल प्रथम उतरवतात व पुढें नऊ नऊ वर्षांनीं पुन्हां उतरवतात. नातवासाठीं आमराई लावणाऱ्या आमच्या वाचकांस ही शेती परकी वाटूं नये. या सालीच्या बारीक पेशींत हवा कोंडलेली असते. त्यामुळें वरून दाब दिला असतां बूच आपल्याच जागीं आवळतें, बाजूंस फारसें पसरत नाहीं. झांकणाच्या सपाट कांठाखालीं तें इतकें चांगलें चालतें याचें कारण हेंच. रबराचा स्वभाव उलट आहे. रबर दाबलें तर त्याचें आकारमान घटत नाहीं, तें बाजूला पळतें. म्हणून रबरी पॅकिंगासाठीं झांकणाच्या कांठांत खांच पाडलेली असते, व पट्टीला पसरावयास त्या खांचेंत थोडी जागा राखलेली असते. खांचेंत पाव इंच सोल्युशन भरून वर पॅकिंग बसविणारा मिस्त्री ती जागाच बुजवून टाकतो, आणि मग "कंपनीचें पॅकिंगसुद्धां टिकत नाहीं" म्हणून कंपनीला बोल लावतो.

पॅकिंग गळूं लागण्याचीं मुख्य कारणें तीन. पहिलें उष्णता व वय. वर्षानुवर्षें तापून रबर ताठरतें. असें जुनें पॅकिंग बाहेर काढून वांकवूं गेलें तर पापडासारखें कटकन्‌ मोडतें. याला कोणाचा इलाज नाहीं, तें बदललेंच पाहिजे. दुसरें कारण माणसाचा जड हात. थोडें ओल दिसलें कीं पाना घालून बोल्ट आणखी आवळावयाचे, ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. पत्र्याच्या झांकणाचा कांठ अशा आवळण्यानें बोल्टापाशीं खालीं दबतो व दोन बोल्टांच्या मध्यें कमानीसारखा वर उचलला जातो. म्हणजे गळती थांबविण्यासाठीं केलेल्या उपायानेंच तिला वाट मिळते. बूच चिरडतें, ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे उपसून येतात, आणि प्लास्टिकच्या झांकणास चीर जाते. तिसरें कारण पुष्कळांस ठाऊकच नसतें, तें म्हणजे तुंबलेला ब्रीदर. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायु नेहमींच खालीं क्रँकच्या पेटींत निसटत असतो. त्याला बाहेर जाण्यासाठीं एक नळी, व पेट्रोलच्या बहुतेक इंजिनांत नळीच्या वाटेवर एक लहानसा व्हॉल्व्ह, ठेवलेला असतो. ही वाट काजळीनें व चिकट मळीनें बंद झाली म्हणजे आंतला दाब वाढतो, आणि जेथें म्हणून फट सांपडेल तेथून ऑईल बाहेर ढकलूं लागतो. अशा इंजिनाला नवें पॅकिंग घालणें म्हणजे पाटाचें तोंड न सोडतां फुटलेल्या बांधावर माती लोटण्यासारखें आहे.

म्हणून पॅकिंग विकत आणण्यापूर्वीं गळती कोठून आहे तें पक्कें करावें. ऑईल नेहमीं वरून खालीं व मागें ओघळतें. टॅपेट कव्हरच्या मागच्या कांठांतून निघालेला ओघळ इंजिनाच्या पाठीवरून उतरतो आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्या जोडापाशीं थेंब थेंब पडतो. खालून पाहणाऱ्यास वाटतें, क्रँकचें मागचें ऑईल-सील गेलें. आणि तें बदलावयाचें म्हणजे गिअरबॉक्स खालीं उतरवावा लागतो. आमच्या परिचयाच्या एका ऊस-बागायतदारांना तालुक्याच्या एका कारखान्यांत नेमकें हेंच सांगण्यांत आलें. हंगाम तोंडावर, जीप आठ दिवस अडकणार, आणि खर्च सांगितला तो ऐकून त्यांनीं गाडी तशीच परत आणली. इंजिन पुसून पाहिल्यावर आढळलें कीं पाठीवरचा सगळा ओघळ वरून, झांकणाच्या मागच्या कोंपऱ्यांतून येत होता. काम एका दुपारचें झालें. कारखानदारानें लबाडी केली असें आम्ही म्हणत नाहीं. मळलेल्या इंजिनाकडे खालून पाहिलें तर कोणाचीहि फसगत होईल. परंतु मालकानें आधीं वरून पाहिलें पाहिजे, एवढें या गोष्टीवरून दिसतें.

पाहण्याची रीत सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड असतांना टॅपेट कव्हरचा कांठ, हेडच्या बाजू व पाठ हीं फडक्यानें स्वच्छ पुसून कोरडीं करावीं. जुनी मळी सुटत नसली तर फडकें रॉकेलांत थोडें भिजवावें, व रॉकेलचा वास पूर्ण उडाल्याशिवाय इंजिन चालूं करूं नये. नंतर कांठाच्या खालच्या अंगाला खडूची भुकटी किंवा अंगाला लावण्याची पावडर हलक्या हातानें लावावी. इंजिन दहा-पंधरा मिनिटें चालवून बंद केलें म्हणजे पांढऱ्या भुकटीवर ऑईलची पहिली रेघ कोठें उमटली तें बॅटरीच्या उजेडांत स्पष्ट दिसतें. चुलींतील राख मात्र या कामीं वापरूं नये, तींत रेती असते. याच वेळीं ब्रीदरची नळी काढून तींतून फुंकून पाहावें. इंजिन मंद चालू असतां ऑईल भरण्याचें बूच सैल करावें. तेथून वायूचे जोराचे फूत्कार येत असले व नळी मोकळी असली, तर रिंगा झिजल्या आहेत. त्या इंजिनास पॅकिंगानें थोडे दिवस आराम पडेल, आजार जाणार नाहीं. ज्या पेट्रोल-इंजिनांत स्पार्क-प्लग झांकणाच्या मधोमध खोल नळ्यांत बसविलेले असतात, तेथें प्लग काढतांना नळींत ऑईल सांचलेलें आढळलें, तर झांकणाच्या आंतल्या बाजूचीं गोल रबरें गेलीं असें समजावें. अशी गाडी पुष्कळदां झटके देत चालते, आणि मालक उगाच प्लग बदलीत बसतो.

पॅकिंग आपल्याच गाडीच्या इंजिनाचें, त्याच वर्षाच्या बनावटीचें घ्यावें. बोल्टांखालचे रबरी वायसर व प्लगच्या नळ्यांचीं रबरें त्याबरोबरच मागून घ्यावीं. ज्यांच्या बोल्टाखालीं रबर आहे तेथें जुनें रबर तसेंच ठेवणें म्हणजे घोंगडें नवें घेऊन त्याला जुनें भोंक ठेवण्यासारखें होय.

कामाचा दिवस वाऱ्याचा नसावा, व जागा खळ्यापासून दूर असावी. इंजिन हाताला थंड लागलें पाहिजे. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. झांकण काढण्यापूर्वीं त्याच्या भोंवतालची सगळी धूळ ब्रशानें व फडक्यानें काढून टाकावी. आम्ही यावर मुद्दाम जोर देतों, कारण आपल्या रस्त्यांची धूळ इंजिनाला गळतीपेक्षां अधिक घातक आहे. गळणारें ऑईल पुन्हां भरतां येतें, आंत गेलेली रेती बेअरिंगांत रुतून बसते. वर आलेल्या तारा, नळ्या, हवेच्या फिल्टरची पेटी हीं सोडवतांना प्रत्येक जोडाचें मोबाईलनें छायाचित्र काढून ठेवावें. ही सोय आपल्या वडिलांना नव्हती. तिचा उपयोग करण्यांत कमीपणा मानूं नये.

बोल्ट टोंकांकडून मध्याकडे, आळीपाळीनें थोडे थोडे सैल करावे. ते कमीजास्त लांबीचे असल्यास पुठ्ठ्यावर झांकणाची आकृति काढून, त्या त्या जागीं भोंकें पाडून, त्यांत खोंवून ठेवावे. झांकण चिकटून बसलेलें असतें. पेचकस घालून तें उचकटण्याचा मोह होतो, आणि ॲल्युमिनियमच्या कांठावर पडलेला तो एक ओरखडा पुढें जन्मभर गळतो. त्याऐवजीं लांकडाचा ठोकळा बाजूला धरून त्यावर हलके ठोके द्यावे. झांकण आपण होऊन सुटतें.

झांकण उचलल्यावर क्षणभर आंत पाहावें, कारण इंजिनाची प्रकृति येथें जितकी उघड दिसते तितकी दुसरीकडे दिसत नाहीं. सर्वांगावर मधाच्या रंगाची पातळ तुकतुकी असली तर ऑईल वेळेवर बदललें गेलें आहे. कोंपऱ्याकोंपऱ्यांत काळी घट्ट मळी असली तर बदललें गेलें नाहीं. झांकणाच्या आंतून ताकावरच्या लोण्यासारखा पांढुरका थर दिसला, तर ऑईलमध्यें पाणी मिसळलें आहे. थंडीच्या दिवसांत गाडी नुसती मळ्यापर्यंत नेऊन आणली तरी वाफेच्या पाण्यानें थोडा थर येतो, परंतु तो पुष्कळ असेल व रेडिएटरचें पाणीहि घटत असेल, तर हेडच्या पॅकिंगाची तपासणी केल्याशिवाय गाडी चालवूं नये. मारुति ८०० सारख्या ज्या इंजिनांत रॉकर व व्हॉल्व्ह यांमधील फट स्क्रूनें जुळवितां येते, त्यांत ती मोजून घेण्याची हीच वेळ. ज्यास हें काम येत असेल त्यास त्याच दिवशीं बोलवावें.

आतां सर्वांत कंटाळवाणें व सर्वांत महत्त्वाचें काम, कांठ साफ करण्याचें. उघड्या यंत्रावर स्वच्छ फडकीं पसरावीं व तीं किती पसरलीं तें मोजून ठेवावें. जुन्या पॅकिंगाचे व सोल्युशनचे चिकटलेले तुकडे काढण्यास लोखंडी पातें घेऊं नये. बांबूची कामटी तासून घेतली तर तिच्यासारखें हत्यार नाहीं. ती बुरसटलेलें रबर सोलते, पण ॲल्युमिनियमला ओरखडत नाहीं. शेवटीं दोन्ही कांठ थिनरनें ओलावलेल्या फडक्यानें पुसून पूर्ण कोरडे करावे. नव्या पॅकिंगाखालीं ऑईलचा एक हातहि फिरलेला नसावा. पत्र्याचें झांकण असल्यास तें कांचेवर किंवा फरशीवर पालथें ठेवून कांठ सर्वत्र टेकतो कीं नाहीं पाहावें. बोल्टांच्या भोंकांपाशीं तो दबलेला असला, तर लांकडावर ठेवून उलट्या बाजूनें हळू ठोकून सपाट करावा. प्लास्टिकचें झांकण वांकलें वा तडकलें असेल तर मात्र तें नवेंच आणावें.

रबरी पॅकिंग खांचेंत कोरडेंच बसवावें, आधीं कोंपरे व मग सरळ बाजू. पुष्कळ इंजिनांत हेडच्या टोंकाशीं अर्धवर्तुळाकार रबर असतें, किंवा कॅमवरचा ठोकळा हेडला मिळतो तेथें कांठाला पायरी असते. सिलिकोन सोल्युशन लावावयाचें तें या ठिकाणींच, हरभऱ्याच्या दाण्याएवढें. सगळ्या कांठाला त्याची जाड वळी फिरविली तर आवळतांना निम्मी वळी आंत वाहते, वाळून तुटते, आणि तो तुकडा खालीं ऑईल-पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. दोनशें रुपयांच्या गळतीवर असा उपाय केलेलीं इंजिनें जाम झालेलीं आहेत. फडकीं मोजून बाहेर काढावीं, झांकण सरळ वरून खालीं ठेवावें, आणि खांचेंतून पॅकिंग निसटलें नाहीं याची बोट फिरवून चारी बाजूंनीं खात्री करावी.

बोल्ट आधीं सर्व हातानें लावावे. नंतर मधल्यापासून सुरुवात करून, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. जोर किती, हें कंपनीच्या पुस्तकांत दिलेलें असतें; बहुतेक मोटारींत तो १० न्यूटन-मीटरच्या आसपास व कित्येकांत त्याहूनहि कमी असतो. हा आंकडा हाताला असा समजतो: पाना बोल्टापासून १० सेंटिमीटरांवर धरला तर सुमारें १० किलो वजनाची ओढ, आणि २० सेंटिमीटरांवर धरला तर सुमारें ५ किलोची. नांगराचे बोल्ट आवळणाऱ्या हाताला ही ओढ हास्यास्पद वाटेल. म्हणून आम्ही सुचवितों कीं मोजपट्टीचा पाना मिळत असेल तर तो आणावा, नाहीं तर आंखूड पाना घेऊन दोनच बोटांनीं ओढावा. पाना घरच्या थोरल्या चिरंजीवांच्या हातीं देण्यापूर्वीं त्यांसहि हें सांगून ठेवावें.

सोल्युशन लावलें असल्यास ट्यूबवर लिहिलेल्या मुदतीइतकें थांबावें. त्यासाठीं काम सायंकाळीं संपवून इंजिन सकाळींच चालूं करणें सोयीचें. तारा व नळ्या छायाचित्रांप्रमाणें जोडाव्या, ऑईल वरच्या खुणेपर्यंत भरावें, आणि इंजिन चांगलें गरम होईपर्यंत चालवून कांठ तपासावा. मॅनिफोल्डवर पूर्वीं सांडलेल्या ऑईलचा धूर पहिल्या दिवशीं येईल, त्यानें घाबरूं नये. बुचाचें पॅकिंग चारपांच वेळां तापून थंड झाल्यावर किंचित्‌ बसतें, म्हणून त्याचे बोल्ट आठवड्यानें एकदां, थंड इंजिनावर, त्याच मापानें पाहावे. रबराच्या पॅकिंगाला पुन्हां पाना लावूं नये.

त्या आठवड्यांत रोज रात्रीं गाडीखालीं कोरा पुठ्ठा घालून ठेवावा, व पुढच्या चाकांची जागा त्यावर खुणेनें नोंदवावी. पुठ्ठा कोरा राहिला तर काम झालें. डाग पडलाच, तर खुणांवरून तो इंजिनाच्या कोणत्या भागाखालीं पडला तें कळेल, आणि पुढचा शोध तेथून वर सुरू करतां येईल.